मोटारसायकलची इंधनक्षमता आणि चालवण्याची पद्धत

मोटारसायकलची इंधनक्षमता म्हणजे ठरावीक प्रमाणातील इंधनावर मोटारसायकल कापू शकते ते अंतर होय. भारतात ही क्षमता किलोमीटर प्रति लिटर या एककात मोजतात. बोलीभाषेत तिला ‘ॲव्हरेज’ किंवा ‘मायलेज’ म्हटले जाते. इंजिनाची रचना, वाहनाचे वजन आणि इंधनाचा प्रकार यांवर ती अवलंबून असतेच. मात्र एकाच वाहनावर दोन वेगवेगळ्या व्यक्तींना मिळणाऱ्या ॲव्हरेजमध्ये जो फरक पडतो, त्याचे प्रमुख कारण चालवण्याची पद्धत आणि राखलेला वेग हे असते. सर्वसाधारण १०० ते १२५ सीसी मोटारसायकल सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, ताशी ४० ते ५० किमीच्या स्थिर वेगाने चालवल्यास इंधनाचा वापर कमी राहतो. वारंवार थांबणे, झटक्याने वेग घेणे आणि ताशी ६० किमीच्या पुढे जाणे यांमुळे तो वाढतो.

महाराष्ट्रात या विषयाचा छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराशी निकटचा संबंध आहे. शहरालगतच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत बजाज ऑटोचा मोठा कारखाना आहे. शिवाय वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील कारखान्यांत रोज दुचाकीने ये-जा करणाऱ्या कामगारांच्या मासिक खर्चात पेट्रोल ही एक ठळक बाब असते.

## पार्श्वभूमी

वाळूज येथील बजाज ऑटोच्या कारखान्याचे उद्घाटन ५ नोव्हेंबर १९८५ रोजी तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाले. त्या काळी भारतातील बहुतेक स्कूटर आणि मोटारसायकली टू-स्ट्रोक इंजिनावर चालत. टू-स्ट्रोक इंजिनात जळालेला वायू बाहेर ढकलण्याचे काम आत येणारे ताजे मिश्रणच करते. त्यामुळे त्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराड्यातून निघून जातो आणि इंधन वाया जाते. फोर-स्ट्रोक इंजिनात आत घेणे, दाबणे, जळणे आणि बाहेर टाकणे या चार क्रिया स्वतंत्रपणे होतात. त्यामुळे हा अपव्यय टळतो.

१९८५ मध्येच हिरो होंडाची सीडी १०० ही फोर-स्ट्रोक मोटारसायकल बाजारात आली आणि कमी इंधनात अधिक अंतर हा भारतीय दुचाकी बाजारातील स्पर्धेचा मुख्य मुद्दा बनला. बजाजने कावासाकीच्या सहकार्याने १९९१ मध्ये ४एस चॅम्पियन हे फोर-स्ट्रोक वाहन आणले. पुढे बॉक्सर, सीटी १०० आणि प्लॅटिना ही मॉडेल प्रामुख्याने इंधनबचतीसाठी ओळखली गेली. प्रदूषणाचे निकष कडक होत गेले तशी टू-स्ट्रोक वाहने बाजारातून मागे पडली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ निकष लागू झाल्यावर नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा इलेक्ट्रॉनिक इंधन अंतःक्षेपण प्रणालीने (फ्युएल इंजेक्शन) घेतली.

## ऊर्जेचा वापर

एक लिटर शुद्ध पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. तिचा फार थोडा भाग चाकापर्यंत पोहोचतो. बरीच ऊर्जा धुराड्यातून जाणाऱ्या उष्ण वायूंबरोबर आणि इंजिनाच्या पंख्यांवाटे उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. काही ऊर्जा पिस्टन, बेअरिंग, गिअर आणि साखळी यांच्या घर्षणात खर्च होते. लिटरला ७० किमी अंतर कापणाऱ्या वाहनाच्या चाकाशी पेट्रोलमधील ऊर्जेचा साधारण सातवा भागच उपयोगी पडतो.

चाकाशी मिळालेल्या ऊर्जेचा विनियोग चार ठिकाणी होतो :

* चाकांचा विरोध : फिरताना टायर सतत दबतो आणि पुन्हा फुगतो, त्यात ऊर्जा खर्च होते. हा विरोध मुख्यतः वजनावर आणि टायरमधील हवेच्या दाबावर अवलंबून असतो. नेहमीच्या वेगांत तो जवळपास स्थिर राहतो.
* हवेचा विरोध : समोरची हवा बाजूला सारण्यासाठी लागणारे बल. ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.
* गतिज ऊर्जा : थांबलेले वाहन वेगात आणण्यासाठी लागणारी ऊर्जा. ब्रेक लावल्यावर ती उष्णता होऊन नष्ट होते.
* चढ : वाहन आणि स्वार यांना उंचीवर नेण्यासाठी लागणारी ऊर्जा.

यांपैकी वजन आणि रस्त्याचा चढ यांवर स्वाराचे नियंत्रण मर्यादित असते. हवेचा विरोध आणि ब्रेकमध्ये वाया जाणारी गतिज ऊर्जा या दोन गोष्टी मात्र बऱ्याच अंशी त्याच्या हातात असतात.

## वेगाचा परिणाम

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने वेग दुप्पट केल्यास हा विरोध चौपट होतो. त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे आठपट वाढते. मोटारसायकलचा आकार मोटारीपेक्षा लहान असला तरी ताठ बसलेला स्वार, उघडी चाके आणि हँडल यांमुळे तिच्याभोवतीचा हवेचा प्रवाह विस्कळीत होतो. म्हणून आकाराच्या मानाने तिला होणारा हवेचा विरोध अधिक असतो.

पुढील तक्त्यात स्वारासह १८५ किलो वजनाच्या मोटारसायकलसाठी केलेले गणित दिले आहे. त्यात विरोध गुणांक आणि समोरील क्षेत्रफळ यांचा गुणाकार ०.५५ चौरस मीटर, हवेची घनता १.०९ किलो प्रति घनमीटर (सुमारे ५७० मीटर उंचीवरील उष्ण हवा) आणि चाकांच्या विरोधाचा गुणांक ०.०१५ धरला आहे. रस्ता सपाट आणि हवा स्थिर आहे असे मानले आहे.

| वेग (किमी/तास) | हवेचा विरोध (न्यूटन) | चाकांचा विरोध (न्यूटन) | एकूण विरोध (न्यूटन) | आवश्यक शक्ती (किलोवॅट) |
|---|---|---|---|---|
| ३० | २१ | २७ | ४८ | ०.४ |
| ४० | ३७ | २७ | ६४ | ०.७ |
| ५० | ५८ | २७ | ८५ | १.२ |
| ६० | ८३ | २७ | ११० | १.८ |
| ८० | १४८ | २७ | १७५ | ३.९ |

एकूण विरोधाचा न्यूटनमधील आकडा आणि एक किलोमीटर जाण्यासाठी चाकाशी लागणाऱ्या ऊर्जेचा किलोज्यूलमधील आकडा सारखाच असतो. त्यामुळे ताशी ४० किमी वेगाने एक किलोमीटर जाण्यास ६४ किलोज्यूल, तर ताशी ८० किमी वेगाने १७५ किलोज्यूल ऊर्जा लागते. म्हणजेच वेग दुप्पट केल्यावर तेवढ्याच अंतरासाठीची ऊर्जा पावणेतीनपट होते.

पेट्रोलचा वापर मात्र नेमका याच प्रमाणात वाढत नाही. लहान इंजिन अगदी हलक्या भारावर अकार्यक्षम असते. भार वाढल्यावर त्याची कार्यक्षमता काही प्रमाणात सुधारते आणि वाढत्या विरोधाची थोडी भरपाई होते. याच कारणामुळे फार कमी वेगही फायद्याचा ठरत नाही. ताशी १५ ते २० किमी वेगाने खालच्या गिअरमध्ये जाताना हवेचा विरोध नगण्य असला तरी इंजिनाचे अंतर्गत घर्षण चालूच असते आणि तेवढेच अंतर कापण्यास इंजिन अधिक वेळ व अधिक फेरे फिरते. हे दोन परस्परविरोधी परिणाम लहान मोटारसायकलींत साधारणतः ताशी ४० ते ५० किमीच्या आसपास संतुलित होतात. केंद्र सरकारच्या पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटनेने (पीसीआरए) वाहनचालकांना दिलेल्या सूचनांमध्ये ताशी ४५ ते ५५ किमी हा वेग सुचवला आहे.

## चालवण्याच्या पद्धतीचा परिणाम

### वेग घेणे आणि थांबणे

१८५ किलो वजनाच्या वाहनाची गतिज ऊर्जा ताशी ४० किमी वेगाला सुमारे ११ किलोज्यूल, तर ताशी ६० किमी वेगाला सुमारे २६ किलोज्यूल असते. ताशी ६० किमीवरून ब्रेक लावून पूर्ण थांबल्यास जी ऊर्जा नष्ट होते, तेवढ्या ऊर्जेत ताशी ४० किमीच्या स्थिर वेगाने सुमारे ४०० मीटर अंतर कापता आले असते. लाल दिवा दिसत असतानाही वेग वाढवून ऐनवेळी ब्रेक लावणाऱ्या स्वाराचे पेट्रोल असे प्रत्येक चौकात खर्च होते.

याउलट पुढील वाहतुकीचा अंदाज घेऊन आधीच ॲक्सिलरेटर सोडल्यास वाहन स्वतःच्या गतीवर पुढे सरकत राहते. आधी मिळवलेली गतिज ऊर्जा तेव्हा ब्रेकमध्ये न जाता अंतर कापण्याच्या कामी येते. फ्युएल इंजेक्शन असलेल्या बहुतेक वाहनांत गिअर अडकवलेला असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडल्यास इंजिनाचे फेरे ठरावीक मर्यादेच्या वर असेपर्यंत इंधनाचा पुरवठा थांबवला जातो. कार्ब्युरेटरच्या वाहनांत मात्र या स्थितीतही थोडे इंधन ओढले जाते.

### गिअरचा वापर

खालच्या गिअरमध्ये तेवढ्याच वेगासाठी इंजिनाला अधिक फेरे घ्यावे लागतात आणि घर्षणातील अपव्यय वाढतो. म्हणून वेग वाढत जाताच वेळेवर वरचा गिअर टाकणे हितकारक असते. मात्र वेग फार कमी असताना वरचा गिअर ठेवल्यास इंजिन धडधडते आणि ‘नॉकिंग’चा आवाज येतो. अशा वेळी इंजिनावर ताण येतो, स्वार ॲक्सिलरेटर अधिक पिळतो आणि बचतीऐवजी नुकसान होते.

### क्लच, ब्रेक आणि थांबा

अर्धवट दाबलेल्या क्लचमध्ये प्लेटा घसरत राहतात आणि इंजिनाची शक्ती उष्णतेत जाते. मागच्या ब्रेकच्या पायदांडीवर सतत पाय ठेवून चालवल्यास ब्रेक शू हलकेच घासत राहतात. या दोन्ही सवयींचा परिणाम चालवताना सहसा जाणवत नाही, पण ॲव्हरेजमध्ये दिसतो. सिग्नलला किंवा रेल्वे फाटकाजवळ इंजिन सुरू ठेवून थांबल्यास अंतर शून्य असताना इंधन जळत राहते. लांब थांब्यासाठी इंजिन बंद करणे योग्य ठरते. काही आधुनिक दुचाकींत थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होण्याची आणि ॲक्सिलरेटर पिळताच पुन्हा सुरू होण्याची सोय असते.

## छत्रपती संभाजीनगर परिसरातील रस्ते

शहर आणि त्याच्या आसपासच्या तीन प्रकारच्या रस्त्यांवर इंधनाच्या वापराची तीन वेगवेगळी कारणे ठळकपणे दिसतात.

जालना रस्ता : क्रांती चौक, सेव्हन हिल्स, सिडको आणि पुढे चिकलठाण्याकडे जाणारा हा शहराचा मुख्य कणा आहे. उड्डाणपुलांमुळे काही चौक टाळता येत असले तरी गर्दीच्या वेळी येथे वारंवार थांबावे लागते. पाच किलोमीटर अंतरात १० वेळा ताशी ४० किमी वेग गाठून ब्रेक लावून थांबल्यास केवळ गतिज ऊर्जेपोटी ११४ किलोज्यूल खर्च होतात. तेवढेच अंतर ताशी ४० किमीच्या स्थिर वेगाने कापण्यास ३२० किलोज्यूल लागतात. म्हणजे थांब्यांमुळे ऊर्जेची गरज तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाढते. दोन चौकांमध्ये वेग ताशी ६० किमीपर्यंत नेल्यास हा अपव्यय सव्वादोन पट होतो आणि पुढच्या लाल दिव्यापाशी वेळेची बचत सहसा उरत नाही.

वाळूजकडे जाणारा रस्ता : छावणीमार्गे अहिल्यानगरच्या दिशेने जाणाऱ्या या रस्त्यावर शहराबाहेर पडल्यानंतर वेग घेण्यास वाव मिळतो. येथे हवेचा विरोध महत्त्वाचा ठरतो. १५ किमी अंतर ताशी ६० किमीने १५ मिनिटांत, तर ताशी ५० किमीने १८ मिनिटांत पार होते. तीन मिनिटे वाचवण्यासाठी चाकाशी सुमारे ३० टक्के अधिक ऊर्जा द्यावी लागते. वाळूज शहराच्या पश्चिमेकडे असल्याने पावसाळ्यातील पश्चिमेचे वारे सकाळी कामावर जाताना समोरून लागतात. ताशी १५ किमीचा वारा समोरून असल्यास ताशी ४० किमी वेगाने जाणाऱ्या वाहनाला ताशी ५५ किमीइतका, म्हणजे जवळपास दुप्पट हवेचा विरोध सोसावा लागतो. परतीच्या प्रवासात तोच वारा पाठीमागून येऊन मदत करतो.

घाटरस्ते : शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर असून वेरूळच्या वाटेवरील खुलताबाद त्याहून सुमारे ३०० मीटर उंच आहे. दौलताबादनंतर लागणारा घाट किंवा फुलंब्रीच्या वाटेवरील चौका घाट चढताना मुख्य खर्च गुरुत्वाकर्षणाविरुद्ध होतो. १८५ किलो वजन ३०० मीटर वर नेण्यास सुमारे ५४५ किलोज्यूल लागतात. तेवढ्या ऊर्जेत सपाट रस्त्यावर ताशी ४० किमी वेगाने साडेआठ किलोमीटर जाता येते. २० मीटर अंतरात एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर चढाचा विरोध सुमारे ९१ न्यूटन, म्हणजे ताशी ६० किमी वेगाच्या हवेच्या विरोधाहून अधिक असतो. चढताना योग्य वेळी खालचा गिअर टाकणे आवश्यक असते. उतरताना गिअर अडकवून ॲक्सिलरेटर सोडल्यास चढताना मिळालेल्या स्थितिज ऊर्जेचा काही भाग परत मिळतो. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करणे किंवा वाहन न्यूट्रलमध्ये ठेवणे धोकादायक आहे. त्यामुळे इंजिनाचा रोध मिळत नाही, सर्व भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होऊ शकतात.

केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार मोटारसायकलींसाठी कमाल वेगमर्यादा चौपदरी विभाजित महामार्गांवर ताशी ८० किमी, तर महापालिका हद्दीत ताशी ६० किमी आहे. स्थानिक प्रशासन त्याहून कमी मर्यादा ठरवू शकते. शहराजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नाही.

## भार आणि देखभाल

७० किलो वजनाची व्यक्ती मागे बसल्यास वरील उदाहरणातील एकूण वजन २५५ किलो होते. सपाट रस्त्यावर स्थिर वेगाने जाताना यामुळे चाकांचा विरोध फक्त १० न्यूटनने वाढतो. गतिज ऊर्जा आणि चढासाठी लागणारी ऊर्जा मात्र सुमारे ३८ टक्क्यांनी वाढते. म्हणूनच डबलसीट प्रवासात ॲव्हरेज महामार्गापेक्षा शहरात आणि घाटात अधिक घटते. दोन्ही बाजूंना लटकवलेल्या दुधाच्या कॅन किंवा मोठ्या पिशव्या वजनाबरोबर समोरील क्षेत्रफळही वाढवतात. त्यामुळे त्यांचा परिणाम मोकळ्या रस्त्यावरही होतो.

देखभालीतील पुढील बाबी इंधनक्षमतेवर परिणाम करतात :

* टायरमधील हवा कमी असल्यास टायर अधिक दबतो आणि चाकांचा विरोध वाढतो. हवेचा दाब टायर थंड असताना तपासावा लागतो.
* सुकलेली, गंजलेली किंवा अति ताणलेली साखळी शक्तीचा अपव्यय करते.
* धुळीने भरलेला एअर फिल्टर हवेचा मार्ग अडवतो. कार्ब्युरेटरच्या वाहनांत त्यामुळे मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण वाढते.
* थंड इंजिन सुरू करताना ओढलेला चोक तसाच राहिल्यास पेट्रोल विनाकारण जळते.
* जुने किंवा अयोग्य जाडीचे इंजिन ऑइल घर्षण वाढवते.

## प्रमाणित चाचणी आणि प्रत्यक्ष अनुभव

वाहनाच्या इंधनक्षमतेचे प्रमाणित आकडे प्रयोगशाळेत मिळवले जातात. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय, स्थापना १९६६) ही अशा चाचण्या करणारी प्रमुख संस्था आहे. वाहनाचे चाक रोलरवर फिरवून ठरलेल्या क्रमाने वेग वाढवला आणि कमी केला जातो. धुरातील कार्बनयुक्त वायूंच्या प्रमाणावरून जळालेल्या इंधनाचे गणित मांडले जाते.

पूर्वी यासाठी वापरल्या जाणाऱ्या भारतीय चालनचक्रात (आयडीसी) कमाल वेग ताशी ४२ किमी आणि सरासरी वेग सुमारे २२ किमी होता. भारत स्टेज ६ पासून दुचाकींसाठी जागतिक चालनचक्र (डब्ल्यूएमटीसी) वापरले जाते. ठरलेला वेग, एकच स्वार, नीट राखलेले वाहन आणि समोरचा वारा व खड्डे यांचा अभाव ही चाचणीची वैशिष्ट्ये असतात. या आकड्यांचा मुख्य उपयोग दोन वाहनांची तुलना करण्यासाठी होतो. रस्त्यावर तितकेच ॲव्हरेज मिळेल याची ती हमी नसते.

प्रत्यक्ष ॲव्हरेज मोजण्यासाठी ‘टाकी ते टाकी’ पद्धत वापरतात. टाकी पूर्ण भरून किलोमीटरचा आकडा नोंदवला जातो आणि काही शे किलोमीटर चालवल्यानंतर टाकी पुन्हा त्याच पातळीपर्यंत भरली जाते. कापलेल्या अंतराला दुसऱ्यांदा भरलेल्या पेट्रोलच्या लिटरने भागल्यास ॲव्हरेज मिळते. केवळ एका लिटरवर किंवा ‘रिझर्व्ह’ लागण्याच्या अंदाजावर काढलेला आकडा तितका विश्वसनीय नसतो.

## इंधनाचा प्रकार

इथेनॉलमध्ये समान घनफळाच्या पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के इथेनॉल असलेल्या ई२० इंधनाच्या प्रत्येक लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा काहीशी कमी ऊर्जा मिळते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नीती आयोगाच्या इथेनॉल मिश्रणाविषयीच्या आराखड्यात, शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या दुचाकींची इंधनक्षमता ई२० मुळे ३ ते ४ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला आहे. वेग आणि थांबे यांमुळे पडणारा फरक याहून बराच मोठा असू शकतो.

## आर्थिक आणि पर्यावरणीय परिणाम

रोज ३० किमी ये-जा करणाऱ्या कामगाराचा २५ दिवसांचा प्रवास ७५० किमी होतो. लिटरला ५० किमी ॲव्हरेज मिळाल्यास त्यासाठी १५ लिटर, तर ६० किमी मिळाल्यास साडेबारा लिटर पेट्रोल लागते. हा अडीच लिटरचा फरक लिटरमागे १०० रुपये दराने महिन्याला २५० रुपये आणि वर्षाला ३,००० रुपये होतो. एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्यामुळे याच उदाहरणात वर्षाला सुमारे ६९ किलो उत्सर्जन टळते.

इंधन वाचवणारी पद्धत सुरक्षिततेशीही सुसंगत आहे. पुढच्या वाहनापासून अंतर राखणे, वाहतुकीचा आधीच अंदाज घेणे आणि मध्यम वेगाने जाणे या सवयींमुळे पेट्रोल वाचते. त्याच सवयींमुळे वाहन थांबवण्यास लागणारे अंतरही कमी होते. मात्र वेगवान वाहतुकीच्या रस्त्यावर केवळ बचतीसाठी अतिशय हळू जाणे किंवा मोठ्या वाहनाच्या अगदी मागे राहून हवेचा विरोध टाळणे धोक्याचे असते.

## हेही पाहा

* वाळूज
* बजाज ऑटो
* ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया
* फोर-स्ट्रोक इंजिन
* भारत स्टेज उत्सर्जन निकष
* इथेनॉल इंधन